बी विंगची डावी बाजू

जुईनगरची आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे दोन टॉवर उभे करायचं ठरलं, तेव्हा सोसायटीचं वेबपान मी करते असं मी कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं. वेबसाइटवरची चित्रं, नकाशे, आलेख हलते-बोलते करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आबा साताऱ्याहून येऊन घाऊक बाजारात गोण्या वाहायचे, आणि सोसायटीतली जुनी मंडळी मला अजून 'माथाड्याची पोरगी' म्हणूनच ओळखत होती. त्यांना एकदा आपण काय करतो ते दाखवावं, अशी खुमखुमी मला होती. सेवाभाव वगैरे काही नव्हतं. नंतर लोकांनी आभार मानले तेव्हा मी सेवाभावाचाच चेहरा केला.

काम असं होतं. सभासदांच्या चिठ्ठ्या काढून क्रम ठरणार आणि त्या क्रमाने प्रत्येकाने नव्या टॉवरमधलं आपलं घर निवडायचं. जुन्या ए विंगवाल्यांनी नव्या ए विंगमध्ये, बी वाल्यांनी बी मध्ये. आर्किटेक्टचे नकाशे नोटीस बोर्डावर लागले होते, पण ज्यांना असे कागद वाचता येतात त्यांनाच ते कळत होते; बाकीचे त्यांच्यापुढे उभे राहून मान हलवायचे आणि वास्तुवाल्याला फोटो पाठवायचे. माझ्या पानावर मजल्याचं चित्र असणार होतं. दोन्ही विंगांना डावीकडे खाडी निळ्या रंगात, उजवीकडे हायवे करड्या रंगात, मध्ये चार घरं. घरावर बोट ठेवलं की ते केशरी होणार आणि नोंद पक्की. ज्याला नकाशा वाचता येत नाही त्यालाही आपलं घर कुठे तोंड करून आहे ते दिसेल, असं मी मीटिंगमध्ये ठासून सांगितलं. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मावशी होत्या.

मावशी बी विंगला तळमजल्यावर राहायच्या. खाडीकाठच्या गावातल्या, जुईनगरच्या मार्केटात मासळी घेऊन बसायच्या. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, ते शहर वसवताना गेलं. हिशोबाचे आकडे त्यांना तोंडपाठ, सही ठसठशीत करायच्या, पण अकराशे एक म्हणजे इमारतीचा कोणता कोपरा हे कागदावरून त्यांना लागायचं नाही. टॉवरचं ठरल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं. इतकी वर्षं तळमजल्यावर भिंत बघत काढली, आता वरचा मजला मिळतोय तर खाडी दिसली पाहिजे. भरती लागली का सुकती, एवढं खिडकीतून कळलं की बस, असं त्या म्हणायच्या.

आर्किटेक्टकडून पानावर वापरायची फाइल मला फक्त ए विंगची मिळाली. बी विंग म्हणजे तिचंच आरशातलं रूप, वेगळं पाठवायची गरज नाही, असं त्याने सांगितलं. मला आनंदच झाला. वेबपानावरचं असलं चित्र रंगांच्या ठिपक्यांचं नसतं. ही रेघ इथून तिथपर्यंत, हा चौकोन एवढा रुंद, असं ते आकड्यांत लिहिलेलं असतं. त्यामुळे ते सरकवायचं, फिरवायचं, ताणायचं किंवा उलटवायचं तर एक ओळ पुरते. आडव्या मापाला उणे एकने गुणलं की डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

मी ती ओळ लिहिली आणि बी विंग पडद्यावरून नाहीशीच झाली. नवशिक्यांना यात घाम फुटतो. मला हसू आलं. चित्र पानाच्या डाव्या कडेभोवती उलटतं आणि कडेच्या पलीकडे जाऊन पडतं, म्हणून त्याला रुंदीइतकं परत आत ओढावं लागतं. त्यातही क्रम सांभाळायचा. चार पावलं चालून मग वळणं आणि आधी वळून मग चार पावलं चालणं, यात माणूस एकाच जागी पोचत नाही. मला हे सगळं पाठ होतं. बी विंग आत आली, नीट बसली, जिना जिथे जायला हवा तिथे उजवीकडे गेला.

राहिले घरांचे नंबर. चित्राबरोबर तेही उलटे झाले होते, आरशात दिसतात तसे. बरोबर मार्ग असा, की प्रत्येक नंबराची जागा उलटवायची पण अक्षर सुलटं ठेवायचं. म्हणजे प्रत्येकाची नवी जागा काढणं आलं. कंटाळवाणं काम, पण अर्ध्या तासाचं. मला त्या दिवशी लोकलची वेळ गाठायची होती. मी ए विंगचे नंबर आणि त्यांच्याखालच्या बोट ठेवायच्या चौकटी जशाच्या तशा उचलल्या आणि उलटलेल्या बी विंगवर ठेवून दिल्या. घरं उलटली, नंबर उलटले नाहीत. खरं तर बी विंगमध्ये एक आणि दोन नंबर हायवेकडे जायला हवे होते, तीन आणि चार खाडीकडे. माझ्या पानावर एक आणि दोन डावीकडे, खाडीच्या बाजूलाच राहिले. एकवर बोट ठेवून पाहिलं, एकची नोंद झाली. मी पान पूर्ण झाल्याचं कळवून टाकलं.

हे एका माणसाच्या लक्षात आलं होतं. निवडीच्या आदल्या रविवारी मी घरी लॅपटॉपवर आबांना पान दाखवत होते. त्यांनी चष्मा लावून ए विंग पाहिली, बी विंग पाहिली, परत ए पाहिली.

"जिन्याच्या कडंला पहिलं घर अस्तंय," ते म्हणाले. "हितं जिना उजवीकडं आन् एक नंबर डावीकडं. आसं कसं?"

मी त्यांना म्हणाले, "आबा, ही गोण्यांची थप्पी नाही. तुम्हाला नाही कळायचं."

ते बरं म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. जन्मभर ज्यांनी कुठली थप्पी कुठे टेकते हे नजरेने ओळखलं, त्या माणसाला मी हे सुनावलं. एवढंच वाक्य मला परत घेता आलं असतं तरी पुढचं काही घडलं नसतं.

निवडीच्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात मोठा टीव्ही लावला होता. मी शेजारी लॅपटॉप घेऊन, नवा कुर्ता घालून बसले होते. गंमत म्हणजे चित्राकडे कोणी बघतच नव्हतं. जो तो नोटीस बोर्डावरच्या कागदावरून किंवा वास्तुवाल्याकडून नंबर ठरवून आला होता. नंबर सांगायचा, मी तो दाबायचा, सेक्रेटरी वहीत लिहायचे, पुढचा. मला मनातून रागच येत होता, की एवढं केलं आणि कोणाला त्याची पडलेली नाही. बी विंगमध्ये मावशींची चिठ्ठी पहिल्या तिघांत निघाली होती, त्यामुळे त्यांना हवं ते घर मिळण्यासारखं होतं. त्या आल्या, पदराला हात पुसून टीव्हीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी चित्र नीट बघितलं. त्या दिवशी चित्र बघून घर निवडणारं तेवढं एकच माणूस.

"बाय, खाडी कंच्या बाजूला?"

मी डावीकडची निळी पट्टी दाखवली. त्यांनी अकराव्या मजल्यावरच्या डाव्या घरावर बोट ठेवलं. मी विचारलं, हेच ना? त्यांनी मला विचारलं, नक्की खाडीच ना? मी म्हणाले, "नक्की, मावशी. मी केलंय ते." मी लॅपटॉपवर ते दाबलं, घर केशरी झालं, अकराशे एकची नोंद झाली, त्यांनी वहीत सही केली. दुसऱ्या दिवशी त्या चिंबोऱ्या घेऊन आमच्याकडे आल्या. आमच्या साताऱ्याकडच्या घरात असला खेकडा कसा फोडायचा हेही कोणाला ठाऊक नव्हतं, तर स्वतः ओट्याशी उभं राहून त्यांनी कालवण करून दिलं. मी तीन खाल्ल्या.

चूक मला आठवड्याभराने कळली. करारनाम्याला जोडायला मजल्यांचे छापील कागद हवे होते. दुपारी माझ्या ऑफिसात मी माझं पान आणि आर्किटेक्टचा कागद शेजारी ठेवले आणि मला आबांचा जिना दिसला. यादी काढून बघितली. बाकीचे सगळे कागदावरचा खरा नंबर घेऊन आले होते, त्यांना जे हवं होतं तेच मिळालं होतं. अकराव्या मजल्यावरची खाडीकडची दोन्ही घरं मावशींच्या मागून आलेल्यांनी घेतली होती. चुकलं होतं ते फक्त मावशींचं, कारण विश्वास टाकला होता तो फक्त त्यांनी.

तेव्हाच सेक्रेटरींना फोन केला असता तर निवड परत घ्यावी लागली असती. लोक चिडले असते, करार पुढे गेले असते, आणि हिने काय दिवे लावले ते सगळ्यांना कळलं असतं. पहिल्या दोन गोष्टींचा विचार मी नंतर, सबब म्हणून केला. खरा विचार तिसऱ्या गोष्टीचाच होता. मी अर्ध्या तासाचं ते काम तेव्हा करून टाकलं, प्रत्येक नंबर त्याच्या जागी नेला, पान परत चढवलं आणि कोणाला काही बोलले नाही. टॉवर उभा राहायला वर्षं लागतील, तोवर कोणाच्या लक्षात राहतंय, असं मी स्वतःला समजावलं.

मावशींच्या लक्षात होतं. कराराची प्रत हातात आल्यावर त्यांनी ती मार्केटातल्या कोणाकडून तरी वाचून घेतली, आणि पुढच्या मीटिंगला उभ्या राहून म्हणाल्या की मी खाडीकडं बोट ठेवलं होतं, कागदावर हायवे कसा आला. सेक्रेटरींनी टीव्हीवर पान उघडलं. अकराशे एक उजवीकडे होतं, हायवेला खेटून. सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग मावशींकडे. सेक्रेटरींनी मला विचारलं, पान त्या दिवशीचंच आहे ना, मध्ये काही बदल? त्यांच्या आवाजात संशय नव्हता, रीत म्हणून विचारलं होतं.

"त्या दिवशीचंच आहे," मी म्हणाले.

तिथे थांबले असते तरी एक वेळ. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते लवकर संपायला हवं होतं. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "मावशी, गर्दीत बोट इकडचं तिकडे झालं असेल."

मावशींनी हात वर घेऊन स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मागे कोणीतरी हसलं. "मंग माजाच बोट चुकला असल," असं म्हणून त्या खाली बसल्या. सेक्रेटरींनी पाणीपुरवठ्याचा विषय घेतला.

मीटिंगहून घरी आल्यावर दारात चप्पल काढताना आबा म्हणाले, "त्या बाईनं कदी आपल्याला कमी तोललं न्हाई." मग हातपाय धुवायला गेले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते मी कबूल करावं म्हणून ते वाट बघत होते. बरेच दिवस बघत होते. मग त्यांनी तेही सोडून दिलं.

बिल्डिंग रिकामी झाली. आम्ही कामोठ्याला भाड्याने गेलो, मावशी मुलगा-सुनेबरोबर नावड्याला. तिकडून जुईनगरच्या मार्केटात येणं त्यांना जड जाऊ लागलं आणि त्यांनी धंदा बंद केला, असं कळलं. मी भेटायला गेले नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी कसला अर्ज भरायचा असला की हमखास एखादा लिहायचा, 'मावशींसारखं बोट चुकवू नका', आणि त्याखाली हसरे चेहरे यायचे. एकदा मीही एक टाकला. न टाकला असता तर वेगळं दिसलं असतं, असं मला वाटलं.

टॉवर झाले, चाव्या मिळाल्या. आम्हाला ए विंगमध्ये खाडीकडचं घर होतं. राहायला येऊन महिनाही झाला नसेल, तर एकदा कसलीशी सोसायटीची पावती द्यायला मी बी विंगला गेले आणि लिफ्टमध्ये मावशी आणि त्यांची सून भेटल्या. मावशींनी अकराचं बटण दाबायला हात पुढे केला. सुनेने तो हलकेच बाजूला केला.

"आई, तुमी नका हात लावू," ती म्हणाली. "तुमी कायतरी भलतंच दाबता."

ती वाईट बाई नाही, सवयीने बोलली. मावशींनीही सवयीने हात मागे घेतला. माझ्याकडे बघून हसल्या आणि आबांची तब्येत विचारली. तोवर मी समजत होते की माझ्यामुळे त्यांची एक खिडकी गेली. ते बोट घेऊन त्या इतकी वर्षं घरात कशा वावरत असतील, हा विचार मला शिवलाही नव्हता. ज्या बाईने त्याच हातांनी मार्केट गाजवलं तिला लिफ्टचं बटण दाबायची मुभा नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी सून कामावर असताना मी गेले. मावशी सुकटीतला कचरा निवडत बसल्या होत्या. हायवेच्या धुळीमुळे खिडक्या बंद होत्या, तरी ट्रकचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, उलटवलेली विंग, न उलटवलेले नंबर, नंतर गुपचूप केलेली दुरुस्ती. त्या सुकट निवडत राहिल्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मीटिंगच्या टायमाला तुना म्हाईत होता?"

मी हो म्हणाले. त्यांचे हात थांबले.

मग मी म्हणाले की आमचं खाडीकडचं घर तुम्ही घ्या, आम्ही इकडे येतो. आबांना मी विचारलंही नव्हतं. आणि बोलता बोलता, या खरंच हो म्हणाल्या तर काय, अशी भीती माझ्या मनात येऊन गेली. तीही सांगून टाकते, राहिलंय काय लपवायचं.

"घर नको," मावशी म्हणाल्या. "आवऱ्या लोकांसमोर मना येडी ठरवलास. आता लोकांसमोरच सांग."

पुढच्या सर्वसाधारण सभेत, ऐनवेळच्या विषयांत, मी उभी राहिले. म्हणाले, की निवडीच्या दिवशी पानावर बी विंगचे नंबर उलट्या जागी होते, चूक माझी होती, मावशींनी बोट खाडीकडेच ठेवलं होतं. मला वाटलं आता लोक तुटून पडतील. पण कोणी तुटून पडलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "टेन्शन नका घेऊ मॅडम, टेक्निकलमध्ये होतं असं कधी कधी." कोणीतरी म्हणालं, एवढ्या वर्षांनी प्रामाणिकपणे सांगितलं हेच खूप. एकाने टाळी वाजवली. मावशींना ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं हसत होते, ती माझी निघाल्यावर मिनिटभरात माफ झाली.

मावशी उठल्या. "लिवून घ्या," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या.

सेक्रेटरींनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, की वेबसाइटवरील तांत्रिक त्रुटीमुळे सदर सभासदांची निवड चुकीची नोंदली गेली, याची सभेने नोंद घेतली. मावशींनी विचारलं, यात मी चुकले नव्हते असं आहे का. सेक्रेटरी म्हणाले, अर्थ तोच होतो. त्या म्हणाल्या, अर्थ नको, तसं लिहा. मग त्यांनी पुढे घातलं, सदर सभासदांची यात कोणतीही चूक नव्हती. मावशींनी सुनेकडे बघून ते वाक्य परत एकदा वाचायला लावलं. सून मान खाली घालून ऐकत होती.

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि उभ्याच राहिल्या. त्या कशासाठी थांबल्या होत्या ते सभेत मला एकटीलाच ठाऊक होतं. मी चूक सांगितली होती. ती मला आधीच कळली होती, मी ती गुपचूप झाकली आणि याच लोकांसमोर मावशींना खोटं पाडलं, हे सांगितलं नव्हतं. मागच्या ओळीत आबा होते. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं. सेक्रेटरींनी विचारलं, मॅडम, अजून काही? मी नाही म्हणाले आणि खाली बसले. मावशीही बसल्या.

इतिवृत्तात 'तांत्रिक त्रुटी' आहे, माझं नाव नाही, हे तिथल्या तिथे माझ्या ध्यानात आलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. हे लिहितानाही मी कोणाचं नाव घातलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, मावशींची अब्रू राखायला. त्यांची अब्रू इतिवृत्तात लिहिलेली आहे. मी माझं नाव लपवते आहे.